रुळांनी आखलेल्या दिशा

विठ्ठलवाडी स्टेशनावर थंडीच्या दिवसांत सूर्य ईस्टला उगवत नाही. तो फलाटाच्या टोकाशी, जवळजवळ रुळांच्या रेषेत, उल्हासनगरच्या अंगाने वर येतो. कारण साधे आहे. डोंबिवलीहून ईशान्येकडे आलेला लोहमार्ग कल्याणला फुटतो. कसाऱ्याचा फाटा शहाडकडे निघतो आणि कर्जतचा आग्नेयेकडे वळतो. मुंबईपासून गाडीच्या डाव्या हाताला वेस्ट आणि उजव्या हाताला ईस्ट म्हणत आलेल्या लोकांनी ह्या वळणानंतरही हात बदलले नाहीत. त्यामुळे विठ्ठलवाडीपासून पुढची ईस्ट खरे तर रुळांच्या दक्षिणेला आहे आणि वेस्ट उत्तरेला. बदलापूरला तर उल्हास नदी वेस्टला वाहते, आणि नकाशात पाहावे तर ती स्टेशनच्या ईशान्येला! ह्यात कोणाचे काही अडत नाही. रिक्षावाल्याला ‘ईस्टला सोडा’ म्हटले की तो बरोबर सोडतो. पण होकायंत्राने आणि सूर्यानेही सांगितलेली गोष्ट लाखो माणसांना रोज खोटी वाटू शकते, एवढी ताकद रुळांच्या आखणीत आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. माझे म्हणणे असे, की इथल्या माणसाच्या मनातला भूगोल रेल्वेने आखला, त्या आखणीत इथूनच वाहणाऱ्या वालधुनी नदीला जागा उरली नाही, आणि नदीचे पुढे जे झाले त्यात तिच्या ह्या न दिसण्याचा मोठा वाटा आहे.

केव्हिन लिंच ह्या अमेरिकन नगररचनाकाराने 1960 साली शहराच्या प्रतिमेवर पुस्तक लिहिले. बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांकडून त्याने त्यांच्या शहराची चित्रे काढून घेतली. लोक शहर अखंड पाहत नाहीत. वाटा, कडा, विभाग, नाके, खुणेच्या जागा एवढेच धरून ठेवतात, असे त्याला दिसले. विठ्ठलवाडीचे असे चित्र काढायला सांगितले, तर त्यात स्टेशन, पादचारी पूल, एसटीचे आगार, कोळसेवाडीकडचा रस्ता आणि पलीकडचे कॅम्प नंबर येतील. नदी बहुधा येणार नाही. तेही उगाच नाही. 1856 मध्ये कल्याणहून पळसदरीपर्यंत गाडी सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्करी छावणी पडली, फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि 1949 मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. घर, जमीन, सिंधू नदी मागे टाकून आलेल्या माणसांना सरकारने पत्ता म्हणून आकडा दिला, आणि त्यांनी तो आकडा स्वकष्टाने बाजारपेठेचे नाव करून दाखवला. ज्या पत्त्यावर पोट उभे राहिले, तोच मनात ठसणार. त्याच्या कितीतरी आधी, शके 982 म्हणजे इ.स. 1060 चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर ज्यांनी बांधले, त्यांना मात्र जागा निवडताना आधी वालधुनीचा काठ दिसला होता.

ती नदी आजही तिथूनच येते. अंबरनाथच्या डोंगरातून निघते, देवळाला वळसा घालते, उल्हासनगर आणि विठ्ठलवाडीच्या वस्तीतून सरकत रुळांखालून उत्तरेला जाते आणि कल्याणपाशी उल्हासला मिळते. लोकलमधल्या माणसाला ती नाकाने कळते. डब्यात वास शिरला की हात रुमालाकडे जातो, मान मात्र खिडकीकडे वळत नाही. जीन्सच्या कारखान्यांच्या भरभराटीत पाणी कधी निळे, कधी काळे असायचे. नोव्हेंबर 2014 मध्ये तर उल्हासनगरात नदीत ओतलेल्या रसायनाच्या वायूने शेकडो माणसे रुग्णालयात गेली.

इथे कोणी म्हणेल, रसायने ओतणारे टँकर रहिवाशांनी आणले नाहीत. कारखाने आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणा दोषी असताना लोकांच्या मनातले नकाशे काय तपासता? आक्षेप खरा आहे आणि दोषाची वाटणी मला बदलायची नाही. काठावरच्या चाळीत राहणाऱ्याला दोष देणे तर अन्यायच; तिथे भाडे परवडते म्हणून तो राहतो, आणि पाणी कुठल्या पायरीपर्यंत येते हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. 26 जुलै 2005 च्या पुरात ते त्याच्या घरात शिरले होते. प्रश्न बाकीच्या शहराचा आहे. टँकर रिकामा करायला जी जागा निवडतात, ती कोणाच्याच नजरेतली नसते म्हणून. कचेरीतल्या नकाशाचेही तेच. ही छोटीशी नदी अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याण-डोंबिवली अशा तीन पालिकांच्या हद्दींतून जाते. प्रत्येकीच्या कागदावर ती तुकडा आहे, उगमापासून संगमापर्यंत कोणाचीच नाही. न दिसण्याची किंमत पुरातही मोजावी लागते. गिल्बर्ट व्हाइट ह्या भूगोलज्ञाने 1945 मध्येच दाखवले होते, की पुरापुढे नुसते बांध घालत राहिले तर लोक निर्धास्त होऊन पूरपट्ट्यात आणखी बांधकाम करतात आणि नुकसान वाढते. काठाची भिंत दिसते आणि तिच्यामागचे पाणी दिसेनासे होते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. पंढरपूरला चंद्रभागा सगळ्यांना दिसते, लाखो लोक तिच्यात उतरतात, अभंगांत ती आहे. तरी ती मैली आहेच. मग दिसण्याने काय साधते? माझ्या मते पूजेच्या नजरेला नदीचे पावित्र्य दिसते, तिचे पाणी दिसतेच असे नाही. वरून कोणाचे सांडपाणी येते, पावसात पातळी कुठवर चढते, कुठे पात्र भराव घालून आवळले आहे, हे दिसणे वेगळे. ते शिकवता येते. 2005 च्या पाण्याची उंची आगाराच्या आणि स्टेशनाच्या भिंतीवर रंगवता येईल. पुलावर नदीच्या नावाची पाटी लावता येईल. विठ्ठलवाडीच्या शाळेतल्या मुलांना जिल्ह्याचा नकाशा रंगवायला देण्याबरोबर अंबरनाथच्या देवळापासून कल्याणच्या संगमापर्यंत काठाने नेता येईल. हे केल्याने उद्या पाणी स्वच्छ होणार नाही. त्यासाठी सांडपाण्याचे प्रकल्प आणि कायद्याचा बडगाच लागेल. पण तो बडगा उगारायला लावणारे नागरिक, ही नदी कुठून येते आणि कुठे जाते हे ज्यांना सांगता येईल, त्यांच्यातूनच निघतील.