दोन पास ठेव, भो!

जळगावात शो लावला की पहिला फोन ठरलेला, 'भो, दोन पास ठेव!' तिकीट म्हटलं की जवळचाच मित्र आधी रुसतो. खरं तर खान्देशाला तिकिटाचं वावडं नाही. जत्रेत तमाशाच्या कनातीबाहेर लोक रांग लावून पैसे मोजतात. मग आमच्या ड्रमसेटनेच काय घोडं मारलंय?

आमचा बँड जगतो हळदीच्या सुपाऱ्यांवर. पण तिथे वाजते यजमानांची फर्माईश, आपलं गाणं नाही. 'झुमका वाली पोर' यूट्यूबवर गाजलं आणि अहिराणीला नाकं मुरडणारेही नाचायला लागले. म्हटलं, आता आपली अहिराणी गाणी तिकीट लावून करू. दर १५० रुपये. (५०० पर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, हे २०१८ पासूनचं सुख!) पोस्टरवर क्यूआर कोड छापला, पण पैसे सुटतात ते समोर जाऊन उभं राहिल्यावरच. म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात २० तिकिटं : ऑफिस, जिम, क्लास, जमेल तिथे खपव.

धुळ्यात आम्हाला कोण ओळखतं? तिथल्याच एका बँडला पहिला अर्धा तास दिला, अर्धी तिकिटं त्यांनी विकली. पुढच्या महिन्यात ते जळगावला येतायत.

आईलाही पास दिला नाही. तिने १५० रुपये मोजले आणि विचारलं, 'यात भरीत-पुरी धरली आहे ना?'