द्यायचं ते आपलं असावं

रविवारच्या उपासनेत अर्पणाची थैली फिरू लागली की आया पर्समधून दहाची नोट काढून मुलाच्या मुठीत कोंबतात आणि मूल ती थैलीत टाकतं. यात मूल नुसतं पोस्टमन असतं. नोट आईची, थैली चर्चची. त्याचं स्वतःचं काहीच गेलेलं नसतं. शब्बाथ शाळेत लहानांचा वर्ग घेताना मी म्हणूनच एका गोष्टीवर अडून बसते: द्यायला शिकवायचं तर द्यायची वस्तू आधी मुलाची हवी.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातली गरीब विधवा मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या टाकते. श्रीमंतांनी बरंच काही टाकलेलं असतं, पण उरल्यासुरल्यातलं. तिने टाकलं ते जवळचं सगळं. मुलांना हा हिशेब पटकन कळतो. पाच गोळ्यांतली एक देणं आणि एकुलती एक देणं, यातला फरक त्यांना चांगलाच ठाऊक असतो.

मुलांकडे पैसे नसतात, पण हात असतात. स्वतः केलेली वस्तू पक्की आपली होते. आमच्या वारज्यात दिवाळीच्या आकाशकंदिलाचं सामान घरोघरी उरतंच: कामट्या, दोरा, पतंगी कागद. त्याचीच नाताळची चांदणी होते. खळ गव्हाच्या पिठाची. प्रत्येकाने दोन चांदण्या करायच्या. पहिलीचं एखादं टोक हमखास वाकडं, कागदावर खळीचे डाग. दुसरीपर्यंत हात बसतो. मग विचारायचं, आपल्या दाराला कोणती आणि शेजारच्या आजींना कोणती? मूल एकदा हिच्याकडे बघतं, एकदा तिच्याकडे. अशा वेळी आईबाबांनी तोंडातून अवाक्षर काढू नये. वाकडी दिली तरी चालेल. ‘चांगली दे’ असं आपण म्हटलं की देणारे आपण होतो.

दुसरा उद्योग डब्याचा. मिझोराममधल्या ख्रिस्ती घरांत शंभराहून अधिक वर्षं स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात. त्याला ‘बुहफाय थाम’ म्हणतात. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला मुलांकडून रंगीत कागद चिकटवून घ्यावा आणि कुकर लावण्यापूर्वी त्यांच्याच चिमुकल्या मुठीने त्यात तांदूळ टाकू द्यावेत. मूठ छोटी म्हणून आपली भर घालू नये. डबा भरला की तो द्यायला मुलाला बरोबर घेऊन जावं. आमच्याकडे इमारतींची कामं सतत चालू असतात आणि मजुरांची बिऱ्हाडंही जवळच असतात. कुणाला द्यावं हे शोधत फिरावं लागत नाही.

आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांत, खोक्याची गव्हाण करून प्रत्येक चांगल्या कामाला एक काडी घालायची जुनी रीत आहे. सुंदर आहे, पण काड्या मोजू नयेत आणि बक्षीस तर लावूच नये. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी 2008 साली वीस महिन्यांच्या मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मदतीबद्दल खेळणं मिळालेली मुलं पुढे, बक्षीस बंद झाल्यावर, इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये ही प्रभूची शिकवण पालकांच्या मोबाइललाही लागू आहे. फोटो काढला की मूल आजींकडे नाही, कॅमेऱ्याकडे बघतं.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचा हात इतका सढळ की घरखर्चाची पंचाईत व्हायची, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त खुसखुशीतपणे सांगितलं आहे. वाचताना हसू येतं. पण देणारा एक आणि झळ दुसऱ्याला, हे आपल्याही घरी चालतं. दिवाळीच्या साफसफाईत मूल शाळेत असताना त्याची खेळणी पिशवीत भरून आपण देऊन टाकतो. दान आपलं, नुकसान त्याचं. त्यापेक्षा पिशवी त्याच्यासमोर ठेवावी आणि काय द्यायचं ते विचारावं. ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं तर पिशवी रिकामी राहू द्यावी. ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, जबरदस्तीने नव्हे, असं पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं ते मोठ्यांसाठी. मुलांच्या बाबतीत ते अधिकच खरं: ‘नाही’ म्हणायची मुभा असलेलं मूलच कधीतरी मनापासून ‘घे’ म्हणतं.