शोक नेमका कुणाचा?

स्वमग्नतेचं निदान ऐकून आईबाप खचतात, ते स्वाभाविकच. पण हा शोक कुणाचा, हे तपासायला हवं. जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने १९९३ मध्ये पालकांना सुनावलं होतं, की तुम्ही मनातल्या मुलासाठी रडता आहात. समोरचं मूल कालचंच असतं. डब्यांची झाकणं ओळीने मांडणारं, मिक्सर सुरू झाला की कान झाकणारं. रिपोर्टवर एक शब्द उमटला म्हणून ते बदलत नाही.

यावर कुणी म्हणेल, थेरपीचा खर्च आणि ‘आमच्यामागे याचं कोण?’ ही धास्ती तर खरी आहे. मान्य. पण काळजीला कामाला लावता येतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात सज्ञान झालेल्या मुलासाठीही कायदेशीर पालक नेमण्याची सोय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही स्वमग्नतेचा समावेश आहे. ‘आपलंच चुकलं’ या अपराधभावातून मात्र काहीच हाती लागत नाही. ‘मोबाइल दाखवलात म्हणून झालं’ म्हणणारे नातेवाईक नकळत ब्रुनो बेटेलहाइम या मानसशास्त्रज्ञाचीच री ओढतात. आईबापांच्या थंडपणातून स्वमग्नता येते, हे त्याचं म्हणणं विज्ञानाने केव्हाच मोडीत काढलं. दोष कुणाचा, हा हिशेब आईबाप जितक्या लवकर मिटवतील, तितकी त्यांची ताकद मुलासाठी उरेल.