अदृश्य आलोक आणि आमच्या गच्चीवरचा टॉवर

दरवर्षी 30 नोव्हेंबर जवळ आला की कोलकात्यात राहणाऱ्या आम्हा मंडळींच्या फोनवर आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या जयंतीचे संदेश येऊ लागतात. अलीकडे त्यांत एका नव्या वाक्याची भर पडली आहे : फाइव्ह-जीचा शोध बोसांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच लावला होता. पुढे आठ-पंधरा दिवसांत, पुष्कळदा त्याच व्यक्तीकडून, दुसरा संदेश येतो : फाइव्ह-जीच्या टॉवरमुळे चिमण्या नाहीशा झाल्या, आता पाळी माणसांची. पहिल्याखाली जोडलेल्या हातांची चित्रे असतात, दुसऱ्याखाली घाबरलेल्या चेहऱ्यांची. एकाच जातीच्या लहरींविषयी आपण एकदा अभिमान व्यक्त केला आणि एकदा भीती, हे पाठवणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

हे नुसते कुतूहल म्हणून मी सोडून दिले असते. परंतु आमच्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर उभारण्याचा एका कंपनीचा प्रस्ताव आला आहे आणि येत्या रविवारी त्यावर मतदान आहे. इमारत साठीला आलेली, गच्ची गळते, लिफ्ट महिन्यातून दोनदा रुसते. टॉवरचे भाडे मिळाले तर दोन्ही कामे मार्गी लागतील. मात्र गच्चीखालच्या मजल्यावर एक वृद्ध मासीमा राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांचे कर्करोगाचे उपचार झाले. ‘माझ्या डोक्यावर ते यंत्र बसवणार का?’ एवढेच त्या मागच्या बैठकीत म्हणाल्या आणि सारे गप्प झाले. त्या शांततेला उत्तर देण्याइतकी माहिती आपल्यापाशी असावी, म्हणून मी वाचत गेलो. त्यातले काही येथे मांडतो.

आधी अभिमानाचा भाग. बोसांनी 1895 साली येथल्या टाउन हॉलमध्ये लेफ्टनंट गव्हर्नरांसमोर जे करून दाखवले ते खरोखरच विलक्षण होते. मधल्या भिंती ओलांडून सुमारे 75 फुटांवर पोहोचलेल्या अदृश्य लहरींनी घंटा वाजवली आणि दारू पेटवली. त्यांच्या प्रयोगांतील लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरपासून पाच मिलिमीटरपर्यंत, म्हणजे वारंवारता 12 ते 60 गिगाहर्ट्झ. हर्ट्झच्या लहरी याहून पुष्कळ लांब होत्या, त्यामुळे प्रकाशाचे नियम त्यांना लागू पडतात का हे तपासायला अवाढव्य उपकरणे लागत. बोसांनी लहरच आखूड केली आणि सगळी सामग्री टेबलावर मावली. ध्रुवीकरणाच्या प्रयोगासाठी त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पुस्तकात पानोपानी धातूचा वर्ख घातला. लहरीची दिशा फिरवण्यासाठी त्यांनी बंगालमध्ये हवा तेवढा मिळणारा ताग पिळून वापरला. प्रेसिडेन्सी कॉलेजात 2012 साली ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने या कामाच्या स्मरणार्थ फलक बसवला, तो सर्वार्थाने योग्य आहे.

परंतु म्हणून फाइव्ह-जी बोसांचे होत नाही. आपल्या देशातील बहुतेक फोन फाइव्ह-जीसाठी 3300 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या किंवा त्याखालच्या पट्ट्यांवर चालतात. तेथे लहरीची लांबी नऊ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असते. बोसांच्या कक्षेत येणारा 26 गिगाहर्ट्झचा पट्टा 2022 च्या लिलावात विकला गेला खरा, तरी इतक्या आखूड लहरी भिंतीशी, झाडांशी आणि पावसाशी अडखळतात. कोलकात्याच्या पावसाळ्यात त्या किती अंतर कापतील याची कल्पना कुणालाही करता येईल. याच कारणामुळे मार्कोनीच्या पिढीने लांब लहरींची वाट धरली आणि बोसांचा पट्टा अनेक दशके बाजूला पडला. या शहराला स्वतःचा म्हणावा असा मोबाइलचा मानही आहे. भारतातला पहिला मोबाइल संवाद 31 जुलै 1995 रोजी येथल्या रायटर्स बिल्डिंगमधून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीतले दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी केला. टाउन हॉलच्या प्रयोगाला तेव्हा शंभर वर्षे होत होती. हा योगायोग सुंदर आहे, पण आहे योगायोगच.

आता भीतीचा भाग. तिचे मूळ काही अंशी आपल्या भाषेत आहे असे मला वाटते. मराठी वृत्तपत्रे टॉवरबाबत सर्रास ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द छापतात. तो शब्द युरेनियमचा, चेर्नोबिलचा आहे. विज्ञानाच्या परिभाषेत लहरींसाठी ‘प्रारण’ हा वेगळा शब्द आहे, मात्र तो पाठ्यपुस्तकातून बाहेर पडलाच नाही. बोसांनी स्वतः ‘अव्यक्त’ या बंगाली लेखसंग्रहात या लहरींवर लिहिले, त्या लेखाचे नाव ‘अदृश्य आलोक’. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. शास्त्रदृष्ट्या हेच नाव अधिक बरोबर आहे. मोबाइलच्या लहरीचा एक कण ऊर्जेच्या हिशेबात दिव्याच्या प्रकाशकणाच्या लाखाव्या भागापेक्षाही दुबळा असतो. रेणूंचे बंध तोडण्याची शक्ती त्याच्यात नसते. पुरेशा तीव्रतेला तो पेशी तापवू शकतो, आणि मर्यादा ठरवल्या आहेत त्या मुख्यतः त्यासाठीच.

मग कर्करोगाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा गटात ठेवले, हे खरे आहे. उपलब्ध पुरावा मर्यादित आहे, एवढाच त्या गटाचा अर्थ. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या मुरवलेल्या भाज्याही आहेत. पुढे याच आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून झालेल्या आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात 63 अभ्यास तपासले गेले. मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांच्यात संबंध आढळला नाही. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लावली. टॉवरचा मुख्य झोत समोर, आडव्या दिशेने जातो. त्यामुळे नेमक्या खालच्या खोलीत तो सर्वांत कमी उतरतो.

दुसरी एक गोष्ट तर आपल्या समजुतीच्या अगदी उलट आहे. लहरीची तीव्रता अंतराच्या वर्गाने घटते. टॉवर दूर असतो, फोन कानाला टेकलेला असतो. शिवाय सिग्नल अशक्त असला की फोन टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी स्वतःची शक्ती कित्येक पटींनी वाढवतो. टॉवर हटवून आपण निर्धास्त होतो, तेव्हा कानाजवळचे छोटे यंत्र अधिक जोराने ओरडू लागते. चांदनी बाजारात फोन घेताना आपण कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारतो, बॅटरी विचारतो, हप्ता विचारतो. फोनची लहर शरीरात किती शोषली जाते याचा आकडा, ज्याची कमाल मर्यादा आपल्याकडे प्रति किलो 1.6 वॅट आहे, तो विचारणारा ग्राहक मला अजून भेटलेला नाही. बहुतेक फोनवर *#07# दाबले की तो दिसतो.

एवढे वाचल्यावर मला खटकले ते वेगळेच. मागच्या बैठकीत दीड तास चर्चा झाली आणि ती सगळी लहरींवर झाली. साठ वर्षांची गळकी गच्ची टॉवरचे, बॅटऱ्यांचे आणि जनरेटरचे वजन पेलेल का, हे कुणी विचारले नाही. 20 मे 2020 च्या अम्फान वादळात या शहरात हजारो झाडे उन्मळून पडली. तसा वारा पुन्हा सुटला तर गच्चीवरचा लोखंडी सांगाडा कुठे जाईल, हेही कुणाच्या मनात आले नाही. मासीमांना खरा धोका असलाच तर तो तिथे आहे. काल्पनिक भीतीने खऱ्या प्रश्नाची जागा व्यापली होती.

अभिमानाचा संदेश आणि भीतीचा संदेश यांत मला एकच उणीव दिसते. दोन्हींत ‘किती?’ हा प्रश्न नाही. किती लांबीची लहर, किती अंतरावर, किती तीव्र, किती वजन? बोसांचे मोठेपण या प्रश्नात होते. न दिसणाऱ्या गोष्टीला त्यांनी ताग आणि वर्ख यांच्या मदतीने मोजायला लावले. त्यांच्या नावाने आपण न मोजता अभिमान बाळगावा, हे त्यांनाच रुचले नसते.

रविवारी मी तीन गोष्टी मांडणार आहे. गच्ची आणि खांब यांची तपासणी नोंदणीकृत स्थापत्य अभियंत्याकडून व्हावी आणि तिचा खर्च कंपनीने द्यावा. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर परिसरातील टॉवरांची माहिती मिळते आणि शुल्क भरून मोजणीची मागणीही करता येते. तशी मोजणी मासीमांच्या खोलीत, त्यांच्या डोळ्यांदेखत, टॉवरच्या आधी आणि नंतर व्हावी आणि ही अट करारात असावी. तिसरी गोष्ट, हे आकडे पाहिल्यावरही मासीमांचे मन तयार झाले नाही तर त्यांना मूर्ख ठरवू नये. आजारातून उठलेल्या माणसाची भीती आकड्यांनी एका दिवसात जात नाही. इमारत सर्वांची आहे, तेव्हा मत सर्वांनी द्यावे, पण मोजून झाल्यावर.

आपल्या सोसायटीत असा प्रश्न आला असेल तर काय ठरले, मोजणी झाली का आणि आकडा किती आला, ते अवश्य लिहावे. रविवारपूर्वी कळले तर मला उपयोग होईल.