मूर्तिपूजकांचा ग्रंथ: ब्रूनो शुल्त्सच्या चित्रांसमोर

ब्रूनो शुल्त्सने १९२० ते १९२२ च्या सुमारास केलेल्या चित्रमालिकेचे पोलिश नाव 'क्शेंगा बाऊवोख्वाल्चा' असे आहे. 'मूर्तिपूजेचा ग्रंथ' असे त्याचे सरळ मराठी भाषांतर होते आणि नेमके तेथेच काही निसटते. ज्यू घरात जन्मून कॅथलिक पोलिश संस्कृतीत वाढलेल्या माणसाच्या लेखी मूर्तिपूजा म्हणजे दहा आज्ञांपैकी अगदी आरंभीच्या आज्ञेचा भंग. मराठी कानाला मात्र हा शब्द घरातल्या देव्हाऱ्याइतका सौम्य वाटतो. त्यातून शुल्त्सने 'ग्रंथ' या अर्थाचा शब्द जुन्या, पोथीला शोभेल अशा वर्णलेखनात लिहिला आहे. आणि 'बाऊवान' या पोलिश शब्दाला मूर्तीबरोबर 'ठोंब्या' आणि 'बर्फाचा माणूस' असेही अर्थ आहेत. पाप, पोथी आणि थट्टा यांची ही एकत्र गाठ मराठीत कशी बांधावी, हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्यासमोर आहे. तो वरवर भाषांतराचा वाटला, तरी मुळात तो या चित्रांकडे कसे पाहावे याचा प्रश्न आहे.

चित्रांत काय दिसते ते आधी सांगितले पाहिजे. रेशमी मोजे आणि उंच टाचांचे जोडे घातलेल्या सडपातळ, लांब पायांच्या स्त्रिया पलंगावर पहुडलेल्या, रस्त्याने निघालेल्या किंवा बग्गीत बसलेल्या. क्वचित हातात चाबूक. त्यांच्या पायांशी पुरुषांची दाटी. या पुरुषांची डोकी मोठी आणि देह आक्रसलेले आहेत. कोणी रांगतो आहे, कोणी जोड्यापुढे कपाळ टेकतो आहे. यांतल्या अनेकांचा चेहरा खुद्द चित्रकाराचा आहे. मालिकेच्या प्रारंभीच्या अर्पणचित्रात तर तो स्वतःच वाकून तबकातून मुकुट घेऊन येतो. 'इन्फांता आणि तिचे बुटके' या चित्रामागे व्हेलाझ्केझचा दरबार उभा आहे आणि 'सुझाना आणि वृद्ध' यामागे युरोपीय चित्रपरंपरेतला बायबली विषय. गावगल्लीतल्या वासनेला शुल्त्स अशी राजघराण्याची आणि धर्मग्रंथाची वस्त्रे चढवतो.

हे ठसे मी पदव्युत्तर वर्गात दाखवते. तुलनात्मक साहित्याच्या तासाला 'दालचिनीची दुकाने' (१९३३) शिकवताना ते टाळणे मला अप्रामाणिक वाटते. पहिला प्रतिसाद बहुधा एका शब्दाचा असतो: विकृती. या शब्दाची गंमत अशी की त्याने चर्चा सुरू होत नाही, संपते. हा निवाडा काही आपल्यापुरता नाही. १९२८ मध्ये त्रुस्काव्हिएत्स या आरोग्यस्थानी शुल्त्सचे प्रदर्शन भरले असता तेथे आलेल्या एका वृद्ध सिनेटरला ते अश्लील वाटले आणि ते बंद करावे अशी त्यांनी मागणी केली. १९३६ मध्ये गोंब्रोविचने शुल्त्सला लिहिलेल्या जाहीर पत्रात वॉर्सामधल्या एका डॉक्टरच्या बायकोचे मत खोडसाळपणे पुढे केले: हा लेखक एक तर रोगट आहे, नाही तर सोंग करतो आहे. ज्या आखाड्यात हा सामना लावला होता त्या आखाड्यालाच शुल्त्सने आपल्या उत्तरात नकार दिला. मला तो नकार महत्त्वाचा वाटतो. मर्ढेकरांवरील खटल्यापासून 'श्यामा' कादंबरीविषयीच्या १९६९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत आपल्याकडची चर्चाही 'अश्लील आहे की नाही' या वकिली प्रश्नाभोवतीच फिरत राहिली. निर्दोष सुटलेल्या कलाकृतीत नेमके काय घडले, हे पाहायचे मग राहूनच गेले.

वैद्यकाने हा प्रदेश आधीच मोजून ठेवला होता. लेओपोल्ड फॉन झाखर-माझोखचा जन्म १८३६ मध्ये द्रोहोबिचपासून फारसे दूर नसलेल्या ल्वूव्हचा. तो हयात असतानाच क्राफ्ट-एबिंगने त्याच्या आडनावावरून एका 'विकाराला' नाव दिले. कादंबरीकाराचे नाव रोगाला मिळावे, ही साहित्यावर वैद्यकाने केलेली मोठीच कुरघोडी म्हणायची. शुल्त्सच्या चित्रांत माझोख जागोजागी जाणवतो. पण 'हे माझोखचे चित्ररूप' असे म्हटल्याने एका नावाऐवजी दुसरे नाव येते, एवढेच.

मला वाट सापडली ती त्याच्या तंत्रात. ही चित्रे एचिंग नव्हेत, तशी ती दिसत असली तरी. 'क्लिशे-व्हेर' या काचेवरच्या पद्धतीने ती केली आहेत. काचेवर काळा जिलेटिनचा थर द्यायचा, तो सुईने खरवडून चित्र काढायचे, मग काच प्रकाशसंवेदी कागदावर ठेवून त्यातून उजेड जाऊ द्यायचा आणि छायाचित्राप्रमाणे प्रत धुऊन काढायची. एकोणिसाव्या शतकात कोरो आणि बार्बिझोंच्या चित्रकारांनी ही पद्धत वापरली होती. ती खर्चिक आणि कष्टाची असून घाऊक छपाईला योग्य नाही, असे शुल्त्सने विटकिएविचला लिहिलेल्या आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात सांगितले आहे. प्रत्येक प्रत त्याने स्वतः केली, काही संच स्वतः सजवलेल्या वेष्टनांत बांधले, काही मित्रांना दिले, काही विकले. गावातल्या शाळेत तो चित्रकलेबरोबर हस्तव्यवसायही शिकवीत असे, हेही येथे आठवावे.

या तंत्रात एक उलटापालट आहे. खरवडताना चित्रकाराला काळोखात उजळ रेघ दिसते. कागदावर तीच रेघ काळी होते. म्हणजे तो जे करतो त्याच्या नेमके उलट त्याला डोळ्यांसमोर दिसत असते. खालचा वर आणि वरचा खाली, हीच ज्या चित्रांची कल्पना, त्यांची घडणही अशाच उलटापालटीतून व्हावी! हा निव्वळ योगायोग असेलही. पण एखाद्या कलावंताला आपले माध्यम का सापडते याचे उत्तर अशा योगायोगांतच शोधावे लागते.

'फेटिश' हा शब्द पोर्तुगीज 'फेइतिसो'वरून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'बनवलेले, कृत्रिम' हा अर्थ आहे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी तेथील लोकांच्या पूज्य वस्तूंना तो लावला: हाताने बनवलेल्या वस्तूला हे लोक देव मानतात, हा त्यातला उपहास. फ्रॉइडच्या १९२७ च्या निबंधात तो शब्द एका अभावाची जागा भरणाऱ्या वस्तूसाठी स्थिर झाला. शुल्त्स फ्रॉइडपेक्षा मूळ शब्दाच्या अधिक जवळ आहे असे मला वाटते. त्याच्या चित्रांत पूजा होते ती पावलाची, हे खरे; पण ते पाऊल त्याने काचेवर रेघ-रेघ करून बनवले आहे आणि त्यापुढे वाकलेला स्वतःचा चेहराही त्यानेच. भक्त आणि मूर्तिकार एकच आहेत हे तो लपवत नाही. क्लिनिकमधला रुग्ण हे करीत नाही, चित्रकार करतो.

मराठी वाचकाला येथे एक सोपी वाट खुणावते, तिच्यापासून सावध राहिले पाहिजे. चरणांवर माथा ठेवणे ही आपल्या भक्तिपरंपरेची नित्याची मुद्रा. पादुकांची पूजा तर पायाविना जोड्याचीच पूजा. म्हणून काही विद्यार्थी या चित्रांत 'भक्तीच' पाहतात आणि सुटकेचा निःश्वास टाकतात. पण विटेवरचा देव भक्ताची वाट पाहत उभा असतो, अशी आपली श्रद्धा आहे. शुल्त्सची मूर्ती कोणाची वाट पाहत नाही. ती कंटाळलेली असते, दुसरीकडे पाहत असते. खाली चाललेल्या पूजेची तिला पुरती दखलही नाही. कृपेची शक्यताच जेथे काढून घेतली आहे, तेथे नमस्काराला भक्तीचा अर्थ देता येत नाही.

माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, या बाईला कोणी विचारलेच नाही." हा आक्षेप मला बिनतोड वाटतो आणि तो कोणत्याही कलावादी युक्तिवादाने बुजवू नये. उन्दुला हे नाव मालिकेत पुनःपुन्हा येते. पण ती कोण, तिला काय हवे, याचा पत्ता लागत नाही. पुरुषांचे चेहरे वेगवेगळे आणि ओळखीचे, तिचा मात्र एक साचा. तिला दिलेली सत्ता पुरुषाच्या कल्पनेने दिलेली आहे आणि ती काढूनही घेता येते. स्त्री म्हणून ही चित्रे पाहताना मला त्या सिंहासनावर बसावेसे वाटत नाही. तरीही 'कलावंतांकडे उन्दुला' या चित्राकडे मी परत येते. त्यात ती पलंगावर रेलून चित्रे पाहते आहे आणि चित्रकार तिच्या पायांशी निकालाची वाट पाहत आहेत. येथे ती प्रेक्षक झाली आहे. समीक्षक झाली आहे, असेही म्हणता येईल. साच्याला निदान एक तडा जातो.

शुल्त्सने आधी चित्रे काढली आणि ती सोडून मग तो लिहू लागला, असे समजण्याची रीत होती. 'उन्दुला' ही कथा सापडल्यावर तिला धक्का बसला. ती मार्त्सेली व्हेरोन या टोपणनावाने १९२२ मध्ये बोरिस्लावच्या तेलउद्योगाशी संबंधित एका नियतकालिकात छापून आली होती. अलीकडे एका युक्रेनी संशोधिकेला ती सापडली आणि २०२० मध्ये शुल्त्सच्या नावाने पुढे आली. तिच्यात मोलकरीण आदेलाही आहे. म्हणजे सुई आणि लेखणी बरोबरच चालत होत्या. तीच आदेला पुढे 'शिंप्यांच्या पुतळ्यांविषयीचा प्रबंध' या कथामालेत येते. तेथे वडील जडद्रव्य, सृष्टिकर्ता, मानवाची दुसरी निर्मिती यांवर उदात्त व्याख्यान देत आहेत. आदेला खुर्ची पुढे ओढते, वस्त्राची कड किंचित उचलते आणि रेशमी मोज्यातले पाऊल पुढे करते. वडील यंत्रवत पुढे येतात आणि गुडघे टेकतात. सिद्धान्त तेथेच थांबतो. सिद्धान्त शिकवून उपजीविका करणाऱ्या आम्हा मंडळींना हा प्रसंग वाचताना हसू येते, आणि ते हसू फार वेळ टिकत नाही.

१९ नोव्हेंबर १९४२ रोजी द्रोहोबिचच्या रस्त्यावर एका गेस्टापो अधिकाऱ्याने शुल्त्सला गोळी घातली. त्याआधी फेलिक्स लांडाऊ या दुसऱ्या नाझीने त्याला आपला 'संरक्षित' म्हणून ठेवले होते आणि आपल्या मुलांच्या खोलीच्या भिंतींवर परीकथांची चित्रे काढून घेतली होती. बुटाखालचा चित्रकार त्याने वीस वर्षे आधीच रेखाटला होता, असे वाक्य येथे सहज सुचते. ते लिहू नये. स्वतः रचलेल्या खेळातले नमणे आणि बंदुकीपुढचे नमणे यांना एका ओळीत बसवणे म्हणजे मारणाऱ्याला चित्रकाराच्या कल्पनेत भागीदार करणे होय.

ती भिंतीवरची चित्रे २००१ मध्ये सापडली आणि त्यांतले काही भाग जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेने नेले. त्यांत एक बग्गी आहे. लहानपणी आपण सतत दिवे लावलेली, छत चढवलेली बग्गीच काढत असू, असे विटकिएविचला लिहिलेल्या त्याच पत्रात शुल्त्स सांगतो. 'मूर्तिपूजकांच्या ग्रंथा'तही बग्ग्या आहेत, आणि तेथे तो बहुधा रस्त्याकडेला, खाली असतो. भिंतीवरच्या बग्गीत सारथ्याच्या जागी बसलेल्या माणसाचा चेहरा शुल्त्सचा आहे, असे अभ्यासकांनी ओळखले आहे. त्याच्या हातात लगाम आहे.