ब्रेकची परीक्षा तिसऱ्या फेरीनंतर

इंजिनाची ताकद वाढवली की पाठोपाठ ब्रेकचा विषय निघतो, आणि बहुतेक वेळा तो लाल रंगाच्या मोठ्या कॅलिपरपाशी सुरू होऊन तिथेच संपतो. चाकणच्या कारखान्यात २०२२ पर्यंत बनलेली पोलो ही महाराष्ट्रातल्या हौशी चालकांची लाडकी गाडी, म्हणून तीच उदाहरणाला घेतो. १.२ लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाला कंपनीची अश्वशक्ती १०५. रिमॅप केलं की तीत वीस-पंचवीसची भर सहज पडते. पुढे डिस्क, मागे ड्रम. अशा गाडीला ट्रॅकसाठी ब्रेक निवडताना सगळ्यात आधी उष्णतेचा हिशेब मांडावा, असं माझं ठाम मत आहे. कोणता भाग, कोणत्या क्रमाने आणि किती खर्चून बदलायचा, हे तो हिशेबच सांगतो.

गाडी शेवटी थांबवतो तो टायर. कोरड्या रस्त्यावर पेडल जोरात दाबल्यावर पायाखाली एबीएसची थरथर जाणवली, म्हणजे ब्रेकचा जोर टायरच्या पकडीला पुरून उरला. इथून पुढे कॅलिपरमध्ये चार पिस्टन असोत की सहा, पहिल्या वेळी गाडी थांबायला लागणारं अंतर फारसं कमी होणार नाही. चांगल्या टायरने ते होईल. मग ब्रेक बदलायचेच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पहिल्या वेळी मिळत नाही, तिसऱ्या-चौथ्या फेरीत मिळतं.

चालकासह गाडीचं वजन ११५० किलो धरू. सरळ पट्ट्यावर ताशी १४० किलोमीटरचा वेग आहे आणि वळणाआधी तो ६० वर आणायचा आहे. या अडीच-तीन सेकंदांत सुमारे ७१० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. जवळपास अडीच लिटर पाण्याला उकळी फुटावी एवढी ही उष्णता. त्यातला तीन चतुर्थांश वाटा पुढच्या चाकांवर येतो असं मानलं आणि पुढच्या दोन डिस्क मिळून दहा किलो बिडाच्या धरल्या, तर एका ब्रेकिंगमध्ये त्यांचं तापमान साधारण शंभर अंशांनी चढतं. कोइमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे जेमतेम दोन किलोमीटरचा. तिथे एक वळण संपतं न संपतं तोच दुसरं समोर येतं, डिस्क निवायला उसंतच मिळत नाही. त्यात रिमॅपमुळे १४० चे १५५ झाले, तर वेग अकरा टक्क्यांनी वाढतो आणि उष्णता मात्र अठ्ठावीस टक्क्यांच्या घरात. वेगाच्या वर्गाचा हा हिशेब आहे, त्याच्याशी घासाघीस करता येत नाही.

एवढी उष्णता सगळ्यात आधी कुठे बाधते, तर ब्रेक ऑइलमध्ये. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. तेच ऑइल हवेतला ओलावा पिऊन बसलं की ही किमान मर्यादा १५५ वर येते. आपल्याकडचे दोन पावसाळे पाहिलेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर उतरलं, तर कॅलिपरपाशी वाफ धरते, वाफ दाबली जाते आणि पेडल भुसकन खाली जातं. बाहेरून सगळं धडधाकट दिसतं, गळती कुठेच नसते, म्हणून हा बिघाड मला सर्वांत धोक्याचा वाटतो. काही हजारांच्या कॅलिपरआधी काही शेकड्यांचं ताजं ऑइल, आणि नीट हवा काढून घेणं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. ३०० अंशांच्या पुढे उकळणारी रेसिंग ऑइल मिळतात, ती चांगलीही असतात. पण ती वारंवार बदलायची तयारी हवी. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही.

दुसरा क्रम पॅडचा, आणि इथे ट्रॅकपासून दूर असलेल्या आमच्या रिसोडसारख्या गावाचा पत्ता महत्त्वाचा ठरतो. रिसोडच्या गाडीला कारीचा ट्रॅक गाठायचा तर हिंगोली, नांदेड, हैदराबाद करत हजाराहून अधिक किलोमीटर रस्ता तुडवावा लागतो. गाडी ट्रेलरवर नेण्याची ऐपत थोड्यांची. साध्या पॅडचं घर्षण साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे ढेपाळू लागतं हे खरं. पण निव्वळ रेसिंगचे पॅड तापल्याशिवाय नीट धरतच नाहीत. हिवाळ्यातल्या पहाटे, सोयाबीनने भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली धुक्यातून एकदम समोर येते तेव्हा डिस्क थंडगार असते. त्या एका पहिल्या दाबावर सगळं अवलंबून असतं. म्हणून थंडपणीही धरणारे आणि साध्या पॅडपेक्षा दीड-दोनशे अंश जास्त सोसणारे मधल्या प्रतीचे पॅड मी सुचवतो, ट्रॅकवर सेकंदभर मागे राहावं लागलं तरी. दोन जोड बाळगावेत, तिथे जाऊन बदलावेत, असं सुचवणारे आहेत. ते शक्य आहे. पण पॅडचा पातळ थर डिस्कवर बसलेला असतो; वेगळ्या मिश्रणाचा पॅड त्यावर घासला की थर असमान होतो, स्टिअरिंग थरथरतं आणि दर वेळी पॅड नव्याने बसवून घ्यावे लागतात. हा खटाटोप नेटाने करणाऱ्यानेच तो पत्करावा.

नवे पॅड घेण्याआधी जुने काढून नीट पाहावेत, त्यांच्यावर बरंच काही लिहिलेलं असतं. कडा राखेसारख्या पांढुरक्या, बोटाने चुरणाऱ्या आणि मागच्या पत्र्याचा रंग करपलेला असेल, तर पॅड खरोखर सोसण्यापलीकडे तापलाय. पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत असेल, तर तो नीट बसवलेलाच नव्हता. आणि एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ अशी पाचर झाली असेल, तर आधी कॅलिपरची सरकती पिन हलवून बघावी. आपल्या काळ्या मातीचा चिखल रबरी टोपीच्या फटीतून आत शिरतो, वाळतो आणि पिन जाम होते. मग एकच पॅड सगळं काम ओढतो. अशा गाडीला ‘ब्रेक कमी पडतात’ म्हणून मोठी डिस्क बसवणं म्हणजे दुखणं तसंच ठेवून नवा खर्च करणं. पिन साफ करून योग्य ग्रीस लावायला अर्धा तास पुरतो.

मागचे ड्रम काढून डिस्क लावण्याचा आग्रह तर फार. जोरात ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, त्यांच्याकडून जास्त काम घेताच येत नाही. ड्रम लवकर तापतो आणि सावकाश निवतो, हा आक्षेप बरोबर आहे. पण मागे मुळात येणारी उष्णताच थोडी. उलट मागचा जोर वाढला तर कंपनीने आखलेला पुढचा-मागचा तोल ढळतो, आणि मागची चाकं आधी घसरणारी गाडी वळणात गिरकी घेते. हँडब्रेकची नवी जोडणी वेगळीच.

कायद्याकडेही डोळेझाक करता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मनाई आहे. मूळ मापाचे चांगले पॅड आणि ताजं ऑइल हा देखभालीचाच भाग. कॅलिपर-डिस्कचा पूर्ण संच बदलला की आरटीओ आणि विमा कंपनी दोघांचे प्रश्न उभे राहतात. ट्रॅकवर जाणारी गाडी घरी रस्त्यानेच येते.

मोठी डिस्क कधीच नको, असं मी म्हणत नाही. जाड डिस्कमध्ये बीड जास्त, म्हणून ती तेवढ्याच उष्णतेने कमी तापते. हा फायदा पक्का आहे. भोकं पाडलेल्या डिस्कमध्ये नेमकं बीडच कमी होतं आणि भोकाच्या कडेपासून तडे जातात, म्हणून ट्रॅकसाठी मी साधी किंवा खाचांचीच निवडतो. पण आधी बंपरमधून डिस्कच्या मध्यापर्यंत हवेची नळी द्यावी, डिस्कच्या कडेला तापमानाने रंग बदलणारा पेंट लावावा आणि एक अख्खा दिवस चालवून बघावं. ताजं ऑइल, बरे पॅड आणि वारा एवढं असूनही पेंट सहाशेच्या पुढची खूण दाखवत असेल, तर मोठ्या संचाची वेळ आली. तेव्हाही दुकानदाराला पहिला प्रश्न पिस्टनच्या एकूण क्षेत्रफळाचा विचारावा. ते मूळच्यापेक्षा बरंच मोठं असेल तर तोच मास्टर सिलिंडर तेवढं ऑइल पुरवायला पेडलला लांब पळवतो, आणि पुढचा जोर वाढून मागचे ब्रेक नुसते सोबतीला राहतात. आकडा त्याला सांगता आला नाही, तर संच तिथेच ठेवून यावं.