मंडई आणि एक प्रश्न

पुण्याची मंडई पाहिली कीं आम्हांस एका जुन्या प्रश्नाची आठवण होते. १८७६ ते १८८२ पर्यंत जोतीराव फुले तेथील नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या भव्य इमारतीस त्यांचा विरोध होता; एवढा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणास कां लावूं नये, हा त्यांचा सवाल. तो बहुमतापुढें टिकला नाहीं. १८८६ सालीं ‘रे मार्केट’ उघडलें. पुढें त्यास नांव मिळालें तें फुल्यांचेंच!

मंडईची सोय झाली, हें आम्ही भाजी घेणारे कसें नाकारूं? परंतु शाळेच्या वांट्यास काय आलें, हें विचारणारा एक तरी सभासद सभेंत असावा लागतो. आपला सभासद नळ, गटार, शाळा यांविषयीं सहकाऱ्यांस काय विचारतो, हें आपण कधीं पाहतों काय?